मस घालवणारा चीक तपासायचा तर कसा?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे कोल्हापुरात एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत, गाव भुदरगड तालुक्यातलं. गावात एक आजोबा हातापायांवरच्या मसांना रुईचा चीक लावून देतात आणि "दहातल्या आठांचे मस जातात" असं सगळा गाव सांगतो. हा चीक विषाणूवर काम करतो हे प्रबंधात सिद्ध करायचं आहे. गाईडनी सुचवलंय की रुईच्या पानांचा मिथेनॉलमध्ये अर्क काढा आणि हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवतात त्या कर्करोगाच्या पेशी) टाकून बघा. सुरुवात कुठून करायची, आणि धाकट्या भावाच्या तळव्याला मस आहे त्याला तोवर चीक लावला तर चालेल का, असे दोन प्रश्न.

भावाचं शेवटी बघू. आधी त्या "दहातल्या आठां"कडे या, कारण सगळं गाडं तिथंच अडतं.

मी कोल्हापुरात त्वचारोगाची प्रॅक्टिस करते, आणि एका एथिक्स कमिटीवर बरीच वर्षं बसते. चीक लावून बरे झालेले बघितलेत, चिकानं भाजलेले बघितलेत, आणि चिकावरचे संशोधन प्रस्तावही वाचलेत. झाडपाल्याला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. मसांवरची दोन मान्यताप्राप्त औषधं झाडांतूनच आलेली आहेत, त्यांच्याकडे पुढे येतेच.

मस होतो ह्युमन पॅपिलोमा व्हायरसमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे. याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. हातापायांवर मुख्यतः १, २, ४, २७ आणि ५७ हे प्रकार सापडतात. हा विषाणू त्वचेच्या अगदी वरच्या थरात मुक्काम करतो, रक्तात उतरत नाही. त्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा बराच उशिरा लागतो. एकदा लागला, की महिनोन्‌महिने हटून बसलेला मस दोन-तीन आठवड्यांत सुकून गळतो, आणि पुष्कळदा एक नाही, अंगावरचे सगळे एकदम जातात. लहान मुलांमधले साधारण निम्मे मस वर्षभरात आणि दोनतृतीयांश दोन वर्षांत काहीही न लावता जातात. मोठ्यांत वेळ जास्त लागतो, पण तिथंही ते जातात.

आता या हिशोबात आजोबांना बसवा. माणूस त्यांच्याकडे कधी जातो? मस दिसल्या दिवशी नाही. सहा महिने वाट बघून, नखानं खुडून, मेडिकलमधलं काहीतरी लावून झाल्यावर. म्हणजे मस आपल्या वाटेनं जायला निघालेला असतानाच बरेच जण तिथं पोचतात. पंचगंगेला पूर आला की लोक ओटी भरतात, पाणी ओसरतंही. आजवर न ओसरलेला पूर कुणी बघितलेला नाही. लावल्यावर गेला हे आजोबा खरंच सांगतात. लावल्यामुळे गेला का, हे त्यांना कळायला मार्ग नाही, आणि मलाही माझ्या ओपीडीत बसून कळत नाही. मस गोठवायला मी वापरते त्या द्रव नायट्रोजनलाही हाच नियम लागू आहे.

आठाच्या आकड्यात आणखी दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, परत न आलेला माणूस. तो बरा झाला असं आजोबा धरतात, पण तो कंटाळून कोल्हापूरला दवाखान्यात आलेला असू शकतो. आजोबांकडून निघालेले असे कितीतरी माझ्याकडे येतात, आणि माझ्याकडून निघालेले त्यांच्याकडे जात असतील. दुसरी गोष्ट निदानाची. "मस" म्हणून येणाऱ्यांत मानेवरचे लोंबते कोंब असतात, म्हाताऱ्या माणसांच्या पाठीवरचे काळपट खडबडीत चट्टे असतात, तीळ असतात, आणि पायाला तर निम्मी कुरुपंच. यांतल्या कशातही विषाणू नाही.

तळव्याला मस आहे की कुरूप, हे ओळखायची रीत तुम्हालाही जमेल. चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी दाबा: मस असेल तर कळ येते. कुरूप वरून सरळ दाबल्यावर दुखतं. मग वरची कडक कातडी ब्लेडनं पातळ पातळ तासायची, हे मात्र डॉक्टरकडून. कुरुपात काचेसारखा गाभा दिसतो आणि पायाच्या रेषा त्यावरून चालू राहतात. मसात रेषा काठाशी तुटतात आणि आत मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसतात. ते गोठलेल्या केशवाहिन्यांचे असतात. लोक त्यांना मुळं म्हणतात आणि सुईनं उकरत बसतात. तुमच्या अभ्यासात प्रत्येक रुग्णाचा असा तासून घेतलेला फोटो, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून, नसेल तर पुढचं सगळं पाण्यात.

ताज्या इतिहासातलं एक उदाहरण सांगते, ते झाडाचं नाही, चिकटपट्टीचं आहे. २००२ साली अमेरिकेत ५१ मुलांच्या अभ्यासात असं निघालं की नळ जोडायची साधी चंदेरी चिकटपट्टी मसावर लावून ठेवली तर ८५ टक्के बरे होतात, आणि गोठवून काढण्यानं ६० टक्के. जगभर पट्ट्या खपल्या. पुढे २००६ साली नेदरलँड्समध्ये १०३ शाळकरी मुलांत पट्टीची तुलना नुसत्या कुरुपाच्या पॅडशी केली: १६ टक्के आणि ६ टक्के. हा फरक योगायोगानंही पडू शकेल इतकाच. पहिल्या अभ्यासात काही न करणारा गट नव्हता, हे लक्षात घ्या. आणि मोठ्या माणसांच्या तळव्याचे मस किती चिवट असतात तेही बघा. ब्रिटनमध्ये २०११ साली आलेल्या २४० जणांच्या अभ्यासात सॅलिसिलिक ॲसिड आणि गोठवणं यांची टक्कर लावली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे १४ टक्के. म्हणजे तुम्ही कुणाला अभ्यासात घेता, किती जुना मस घेता, तळव्याचा की हाताचा, यावरच आकडा १४ होतो की ८५ होतो.

आता आजोबांकडे जा, पण बाटली घेऊन नको, वही घेऊन. ते नेमकं काय करतात ते बघा. चीक कुठून काढतात, पान तोडून की कोवळा शेंडा खुडून? लगेच लावतात की वाटीत साठवून? आधी पाय गरम पाण्यात भिजवायला लावतात का? वजरीनं घासायला सांगतात का? वर चुना लावतात का, चिंधी बांधतात का? मला हे सगळं उगाच नकोय. पाय दहा मिनिटं भिजवून वजरीनं घासणं हाच मसावरचा एक खराखुरा उपचार आहे. सॅलिसिलिक ॲसिडच्या बाटलीवरही तेच लिहिलेलं असतं. चिंधी बांधून कातडी ओलसर ठेवण्यानंही फरक पडतो. आजोबांच्या हातगुणातला अर्धा वाटा वजरीचा निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मग झाड. आपल्याकडे रुईच्या दोन जाती आहेत. मोठी रुई, कॅलोट्रोपिस जायगँशिया, हिच्या फुलाच्या पाकळ्या पसरून मागं वळतात. दुसरी प्रोसेरा, हिच्या पाकळ्या उभ्या आणि टोकं जांभळी. गावात दोन्हींना रुईच म्हणतात. निवडुंगाचा घोळ तर याहून मोठा: फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. फुलासकट फांदी दाबून वाळवा, शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेऊन ओळख पटवा आणि नमुना क्रमांक घ्या. तो क्रमांक नसलेला प्रबंध मी असते तर उघडून बघितला नसता.

आता गाईडच्या सूचनेबद्दल, जरा स्पष्ट बोलते. आजोबा लावतात ताजा चीक. त्यात प्रथिनं विरघळवणारी विकरं आहेत, हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडं आहेत, रबरासारखे घटक आहेत. तुम्ही घेणार सावलीत वाळवलेली पानं, ती सॉक्सलेट नावाच्या अर्क काढायच्या उपकरणात तासन्‌तास गरम मिथेनॉलमध्ये फिरवणार. विकरांचा यात पार निकाल लागतो. उरतं ते वेगळंच द्रव्य. ते चाललं तरी आजोबांचा चीक चालतो असं होत नाही, आणि ते नाही चाललं तरी चीक खोटा ठरत नाही. तपासायचा असेल तर चीकच तपासा: ताजा, थंडीत साठवलेला, आणि एक भाग मुद्दाम उकळून विकरं मारलेला. या तिघांत फरक पडतो का, हा एका प्रबंधाला पुरेल इतका चांगला प्रश्न आहे.

हेला पेशींचं दुखणं आणखी खोल आहे. या पेशी १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या. त्यांच्यात एचपीव्ही १८ चे तुकडे आहेत म्हणून लोकांना वाटतं, चला, एचपीव्ही मिळाला. पण तिथं अख्खा विषाणू तयारच होत नाही. हातापायांच्या मसाचा विषाणू तर साध्या पेशींच्या थरात वाढतच नाही. त्याला त्वचेसारखी थरावर थर चढत पक्व होणारी ऊती लागते, आणि तसली सोय असलेल्या प्रयोगशाळा फार थोड्या. हेला पेशींवर चीक टाकलात तर त्या मरतील, हे मी आजच लिहून देते. फिनेल टाकलंत तरी मरतील. किती पेशी जिवंत राहिल्या ते मोजणाऱ्या एमटीटी चाचणीतला तो सुंदर उतरता आलेख विषारीपणा दाखवतो, विषाणूविरोधी गुण दाखवत नाही. त्याहून कहर म्हणजे आगरच्या ताटलीत जिवाणू वाढवून भोवतीचं स्वच्छ वर्तुळ मोजायचं आणि शीर्षकात "विषाणूविरोधी" लिहायचं. असे प्रस्ताव कमिटीपुढे येतात, खोटं वाटेल, पण येतात.

प्रयोगशाळेतच विषाणूविरोधी काम करायची हौस असेल तर हर्पीस सिम्प्लेक्स हा विषाणू घ्या. तो व्हेरो पेशींमध्ये (माकडाच्या मूत्रपिंडापासूनच्या) चांगला वाढतो, पेशींच्या थरात मोजता येतील अशी भोकं पाडतो. किती मात्रेला भोकं निम्मी होतात आणि किती मात्रेला निम्म्या पेशीच मरतात, हे दोन आकडे काढायचे. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की औषध आणि विष यांतलं अंतर कळतं. तुलनेला शेजारी असायक्लोव्हिर हे हर्पीसवरचं नेहमीचं औषध ठेवायचं. टॅनिन भरपूर असलेले अर्क वाटेल त्या प्रथिनाला चिकटतात आणि ताटलीत भारी दिसतात, तेव्हा टॅनिन काढून पुन्हा चाचणी करा. पण मग प्रबंध हर्पीसवरचा होईल, मसावरचा नाही.

झाडातून आलेल्या ज्या दोन औषधांचं मघाशी बोलले, त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पोडोफायलिन ही पोडोफायलम या झाडाच्या मुळातली राळ. त्याचा एक भाऊबंद आपल्या हिमालयात होतो. जननेंद्रियांवरच्या मसांवर तिचा उपयोग १९४२ साली प्रसिद्ध झाला. ती विषाणूला हातही लावत नाही, पेशींचं विभाजन थांबवते. म्हणजे "विषाणूविरोधी" नसलेलं द्रव्यही मसावर औषध ठरू शकतं. पण राळेची ताकद दर खेपेला वेगळी. कातडी सोलवटायची, जास्त लावली तर अंगात भिनून मज्जातंतूंना इजा व्हायची, गरोदर बाईला तर लावायचीच नाही. शेवटी त्यातलं पोडोफायलोटॉक्सिन वेगळं काढून ०.५ टक्के असं बांधलं, तेव्हा कुठं ते रुग्णाच्या हातात देता आलं. दुसरं आहे हिरव्या चहाच्या पानांतल्या कॅटेचिनचं १५ टक्क्यांचं मलम. अमेरिकेच्या एफडीएनं ते २००६ साली मंजूर केलं. त्याच्या चाचण्यांत मलमानं सुमारे ५४ टक्के लोकांचे मस पूर्ण गेले. नुसत्या मलमाच्या बेसनं, ज्यात चहाचा कणही नव्हता, सुमारे ३५ टक्के लोकांचे गेले. चहा नसलेला गट ठेवलाच नसता तर सगळं ५४ चहाच्या नावावर चढलं असतं.

माणसांवर चाचणी करायची झाली तर आराखडा साधारण असा बसतो. अठराच्या वरची माणसं, मस सहा महिन्यांहून जुने, फक्त हात किंवा फक्त पाय. चेहरा, जननेंद्रिय, मधुमेह, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी असलेले बाहेर. दोन्ही गटांना पाणी, वजरी आणि पट्टी सारखीच. एका गटाला प्रमाणित चिकाचा जेल, दुसऱ्याला तसाच पांढरा, तसाच चिकट, पण चीक नसलेला जेल. चिठ्ठ्या माणसांच्या टाकायच्या, मसांच्या नाहीत. इथं बरेच जण फसतात: एकाच माणसाच्या डाव्या हाताला औषध आणि उजव्याला नकली. प्रतिकारशक्ती जागी झाली की दोन्ही हातांचे मस जातात, मग औषध बिचारं बिनकामाचं दिसतं. उलट वीस माणसांचे एकशेवीस मस मोजून "एकशेवीस नमुने" म्हणणंही खोटं, कारण ते वीसच आहेत. निकाल बघणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते माहीत नसावं, आणि सोडून गेलेल्यांना "बरे झाले नाहीत" असंच मोजावं.

किती माणसं लागतील? बेसवर ३० टक्के बरे होतील आणि चिकानं ५५ टक्के होतील असं धरलंत, तर नेहमीच्या ८० टक्के ताकदीसाठी (म्हणजे खरा फरक असला तर तो सापडायची शक्यता) दर गटात साठेक. गळती धरून सत्तरच्या वर. चिकाचा परिणाम ४५ टक्क्यांपर्यंतच असेल तर दर गटात एकशेसाठ. एका वर्षाच्या एम.फार्म. प्रबंधात हे बसत नाही. तालमीतली पोरं एकगठ्ठा मिळतील असं कुणीतरी सुचवेलच, कारण अंगाला अंग घासून मस आणि मोलस्कम (विषाणूमुळेच येणारे मोत्यासारखे फोड) तिथं पसरतात खरे. पण ती एकमेकांकडून पुन्हा पुन्हा घेत राहतात, हौद्यातल्या मातीत हळद, ताक, तेल वेगळंच असतं, आणि त्यातले कितीतरी अठराच्या आतले. तिकडे जाऊ नका.

कायद्याचंही बघा. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ई-१ परिशिष्टात विषारी वनस्पतींची यादी आहे. रुई तिच्यात आहे, बिब्बाही आहे. वनस्पतीच्या शुद्ध केलेल्या, प्रमाणित अंशाला, ज्यातले किमान चार घटक मोजलेले आहेत, २०१५ पासून "फायटोफार्मास्युटिकल" म्हणून नव्या औषधाची वाट खुली झाली आहे. माणसांवरच्या चाचणीला २०१९ चे नियम लागू होतात, एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी. कॉलेजच्या ओळखीपाळखीत "दहा जणांना लावून बघूया" हे चालत नाही. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येऊन दिसायचं कमी होतं, आणि हे घडतं तेव्हा बहुतेक वेळा लावणाऱ्याच्याच डोळ्यात गेलेला असतो. शेराच्या झाडाचा चीक तर घेऊच नका. त्यातले फॉर्बॉल एस्टर कर्करोगाला खतपाणी घालणाऱ्या द्रव्यांच्या जातीतले आहेत. बिब्बा आणि आजरा-चंदगडकडचं काजूच्या टरफलाचं तेल, दोन्ही एकाच कुळातली. भाजतात, आणि ज्याला ॲलर्जी झाली त्याला पुढे दरवेळी अंगभर उठतं.

जाता जाता नागिणीबद्दल, कारण हा प्रश्न हमखास येतो. नागिणीवर लेप देणारे आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि "विळखा पूर्ण झाला की माणूस जगत नाही" या भीतीवर त्यांचं चालतं. नागीण शरीराच्या एका बाजूलाच येते, विळखा पूर्ण होतच नाही, आणि दोन ते चार आठवड्यांत फोड सुकतात. त्यामुळे तिथंही प्रत्येक लेप यशस्वी. फरक इतकाच की असायक्लोव्हिर पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर उपयोग जास्त, आणि साठीनंतर मागं राहणारी आग महिनोन्‌महिने छळते. ते तीन दिवस लेपात घालवायचे नाहीत. डोळ्याजवळची नागीण असेल तर एक दिवसही नाही. अशा आजारात औषध न देणारा गट ठेवून झाडाची चाचणी कुठलीच कमिटी मंजूर करणार नाही. औषध चालू ठेवून वर लेप, इतकंच शक्य.

तुमच्या हातात वर्ष आहे, तर मी असं करेन. चिकाची ओळख, ऋतूनुसार बदल, विकरांची ताकद, दोन-तीन ग्लायकोसाइडांचं प्रमाण आणि साठवणीत ते किती टिकतं, हे प्रयोगशाळेचं काम. कुठल्याही पुढच्या चाचणीला हा पाया लागणारच आहे, आणि तो कुणी नीट घालत नाही. सोबत एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन आजोबांच्या दारात एक नोंदवही: येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो, मस किती जुना, आधी काय लावलं, आणि तीन महिन्यांनी फोन. परत न आलेल्यांना फोन आधी. उपचार आजोबा करतात तसाच करू दे, तुम्ही त्यात हात घालायचा नाही. आजोबांची लेखी संमती घ्या आणि त्यांचं नाव कुठं, कसं घालायचं ते त्यांनाच ठरवू द्या. उद्या कुणी कंपनी दारात आली तर जैवविविधता कायद्याप्रमाणे त्यांचा वाटा मागायला तीच कागदपत्रं उपयोगी पडतील. आकडा आठाचा चार झाला तर चारच लिहा. चार हा तळव्याच्या जुन्या मसांत चांगला आकडा आहे.

गाईडना काय सांगायचं, तर एवढंच की मस आणि हेला यांचा मेळ बसत नाही. ते ऐकतील. नाही ऐकले तर शीर्षकातून "विषाणूविरोधी" तेवढं काढायला लावा.

आता भाऊ. चीक लावू नका. आधी मस आहे की कुरूप ते बघून घ्या; कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवलं तरी चालेल. मसच असेल आणि त्याला मधुमेह नसेल, पायाची संवेदना नीट असेल, तर सॅलिसिलिक ॲसिड १६-१७ टक्के आणि लॅक्टिक ॲसिड असलेलं द्रव औषध मेडिकलमध्ये मिळतं. रोज रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग वजरीनं मऊ झालेली कातडी घासायची, भोवती व्हॅसलिनचं कडं करून मधोमध थेंब, वर चिकटपट्टी. ती वजरी घरात दुसऱ्या कुणी वापरायची नाही. आग झाली तर दोन दिवस थांबायचं. बारा आठवडे सलग केल्याशिवाय काही म्हणू नका, आणि मध्येच आपोआप गेला तरी औषधाला श्रेय देऊन टाका, भाऊ काही तुमच्या अभ्यासात नाही.